गल्लीत उभ्या गाडीला कॅमेरा लावताना

आमची गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीला पार्किंग नाही, त्यामुळे गाडी गल्लीतच लावायची. सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असेल किंवा सणासुदीला गावी जायचं असेल तर ती निघते. एरवी आम्हा दोघांचं दुचाकीवर भागतं. गल्लीत पी-वन, पी-टूच्या पाट्या आहेत. सम तारखेला गाड्या एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. म्हणजे कुठे जायचं नसलं तरी गाडी रोज रस्त्याच्या या कडेची त्या कडेला न्यायचीच. पाण्याचा टँकर, सिलिंडरचा टेंपो, दुकानांचा माल आणणारे छोटे हत्ती, शाळेच्या व्हॅन, सगळं याच गल्लीतून येतं आणि वळायला जागा नसली की रिव्हर्समध्ये परत जातं.

मागच्या बंपरला पोचे आले, डाव्या दारावर पार हँडलपर्यंत ओरखडा उठला. प्रत्येक वेळी कळायचं ते सकाळी खाली उतरल्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी चालकाने पोलिसांना कळवायचं असतं, तेही जास्तीत जास्त 24 तासांच्या आत. पण काचेवर नाव-नंबराची चिठ्ठी खोचून गेलेलं आमच्या वाट्याला कोणी आलं नाही. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही आहे, पण तो दुकानाच्या शटरवर रोखलेला. खर्चापेक्षा मला त्रास व्हायचा तो कोण आणि कसं, हे कधीच न कळण्याचा. म्हणून डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर आतून बसवायचा कॅमेरा, घ्यायचं ठरवलं.

दुकानात सगळे रस्त्यावरचं चित्रण दाखवतात. फोर-के, रुंद कोन, जीपीएस, बोलून सूचना देणं वगैरे. माझा प्रश्न एकच होता, गाडी बंद असताना हा काय करतो? बहुतेक गाड्यांत लायटरचं सॉकेट किल्ली काढली की बंद होतं. त्यात खोचलेला कॅमेराही मग बंद. कॅमेऱ्याच्या आत छोटी बॅटरी असते किंवा सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) असतो, पण त्याचं काम शेवटची फाइल नीट बंद करून ठेवणं एवढंच. रात्रभर जागणं त्याच्या आवाक्यातलं नाही. उभ्या गाडीवर लक्ष ठेवायचं तर कॅमेऱ्याला गाडीच्या बॅटरीतून थेट वीज हवी. माझ्या मते डॅशकॅमच्या पार्किंग मोडचा विचार इथूनच सुरू व्हायला पाहिजे. कॅमेरा कुठलाही घ्या, शेवटी गाठ बॅटरीशी आहे.

हिशेब मी घरी वहीत मांडला. आमच्यासारख्या छोट्या पेट्रोल गाडीत साधारण 35 अँपिअर-अवरची (किती करंट किती तास देता येईल त्याचं हे माप) बॅटरी असते. पुढचा आणि मागचा असे दोन कॅमेरे मिळून चार वॅट खातात असं धरलं, तर 12 व्होल्टवर ते एक तृतीयांश अँपिअर होतं. चोवीस तासांचे झाले 8 अँपिअर-अवर, म्हणजे जवळजवळ पाव बॅटरी. ऐकायला हे फार वाटत नाही. पण गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी ती रोज खोलवर उतरवायची नसते. तसं केलं तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यात आमच्या पी-वन, पी-टूची भर. रोज इंजिन सुरू करायचं, गाडी पंधरा-वीस फूट पलीकडे न्यायची आणि बंद करायचं. स्टार्टरने जेवढं घेतलं तेवढंही त्या मिनिटभरात अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा भाग, भरून देत नाही. कॅमेरा नसतानाही आमची बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहत होती.

म्हणून किट निवडताना मी सगळ्यात आधी कट-ऑफ पाहिला. हार्डवायर किट म्हणजे 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करून कॅमेऱ्याला देणारी छोटी डबी. बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ठरावीक आकड्याखाली गेला की ती कॅमेऱ्याची वीज तोडते. बाजारातल्या किटवर 11.8, 12.0, 12.2, 12.4 असे टप्पे असतात. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते; 12.2 म्हणजे निम्म्याच्या आसपास, 11.8 म्हणजे जवळपास संपलेली. 11.8 वर ठेवलं तर कॅमेरा जास्त वेळ चालेल हे खरं, पण सकाळी गाडी सुरू होईलच याची खात्री नाही. सासऱ्यांना अचानक न्यायची वेळ येऊ शकते अशा घरात हा धोका घेण्यात अर्थ नव्हता. आम्ही 12.2 ठरवलं.

दुसरा निर्णय मोडचा. कॅमेरा झोपून राहील आणि धक्का बसला की जागा होईल, हा प्रकार सगळ्यात कमी वीज खातो. पण जागा व्हायला त्याला काही क्षण लागतात, आणि नेमके तेच क्षण आपल्याला हवे असतात. धडकणारी गाडी तोवर पुढे गेलेली असते. हालचाल दिसली की चित्रण करणारा मोड बंगल्याच्या आवारात ठीक. आमच्या गल्लीत रात्री एक वाजताही दुचाकी जातात, कुत्री फिरतात, पावसात काचेवरचे थेंबसुद्धा हालचाल ठरतात. राहिला टाइम-लॅप्स. सेकंदाला एक चित्र, रात्रभर. आठ तासांची रात्र सोळा मिनिटांत पाहून होते. आवाज नसतो, पण मला आवाज नकोच होता. आमच्या कॅमेऱ्यात टाइम-लॅप्स चालू असताना जोराचा धक्का बसला तर तेवढ्यापुरतं नेहमीच्या वेगाने चित्रण होतं आणि ती फाइल वेगळी राखून ठेवली जाते. निवड त्यावरच झाली. पुढचा-मागचा कॅमेरा, किट आणि मेमरी कार्ड मिळून दहा हजारांच्या आसपास खर्च आला.

बसवून देणारे पुष्कळ होते, पण अनेक जण वायर सोलून, पिळून, वर काळी टेप मारतात. तसं मला नको होतं. नाना पेठेत सुट्या भागांचा बाजार आहे, तिथल्याच एका दुकानदाराने एका वायरमनदादांचं नाव सांगितलं. त्यांनी किट हातात घेऊन आधी वायरी पाहिल्या. तीन होत्या. पिवळी कायम चालू असलेल्या फ्यूजला, लाल किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजला, काळी अर्थला. लाल वायरीवरूनच कॅमेऱ्याला कळतं की गाडी आता उभी आहे आणि पार्किंग मोड सुरू करायचा आहे.

“फ्यूज टॅप आणलेत का ताई?” त्यांनी विचारलं.

आणले होते. मूळ फ्यूजच्या खोबणीत हा टॅप बसतो आणि त्यातून वेगळ्या फ्यूजसह नवी वायर निघते. कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही, वॉरंटीच्या वादाला जागा कमी राहते, आणि पुढे काढायचा झाला तर जिथल्या तिथे सगळं परत बसतं.

“एअरबॅग, एबीएस, इंजिनच्या फ्यूजला हात लावणार नाही. पिवळीला आतल्या दिव्याचा घेतो, लालला लायटरचा. आणि अर्थ बॅटरीच्या खांबावर नाही घेणार, बॉडीच्या बोल्टवर घेतो.”

मल्टिमीटरने प्रत्येक फ्यूज किल्ली काढून आणि किल्ली लावून तपासल्यावरच त्यांनी टॅप बसवला. मी शेजारी उभी राहून बघत होते. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, उलट प्रत्येक पायरीला ते मीटरचा आकडा मला दाखवत होते. काचेच्या बाजूच्या खांबात पडदा एअरबॅग असेल तर केबल तिच्यावरून किंवा पुढून गेली तर एअरबॅग उघडताना अडकते, म्हणून खांबावरचं प्लास्टिकचं आवरण पूर्ण काढून त्यांनी केबल मागच्या बाजूने नेली. मागच्या कॅमेऱ्याची केबल छताच्या कापडातून डिकीच्या रबरी नळीतून काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पुढचा कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे बसला. चालवणाऱ्याच्या नजरेआड, पण वायपर जिथवर पुसतो त्या पट्ट्यात. ही जागा पावसाळ्यात फार महत्त्वाची आहे. वायपर पोचत नाही तिथली काच धुळीने आणि डागांनी भरलेली राहते आणि कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं.

त्यानंतरच्या काही रात्री मी एक साधा मल्टिमीटर घेऊन बॅटरी मोजली. इंजिन बंद केल्या केल्या मोजण्यात अर्थ नसतो. तेव्हा वरवरचा दाब जास्त दिसतो. दोन-तीन तासांनी 12.6, सकाळी 12.4. दुसऱ्या दिवशी गाडी फक्त पलीकडे लावली, तिसऱ्या सकाळी 12.2 आणि कॅमेरा बंद. कट-ऑफ चोख काम करत होता, गाडी एका किल्लीत सुरू झाली, पण तिसऱ्या रात्री गाडीवर लक्ष नव्हतं. मग आम्ही दिवसा पार्किंग मोड बंद ठेवायला लागलो. दिवसा गल्ली जागी असते, कोणी ठोकलं तर चार जण बघतात, ओळखीचे दुकानदार हाक मारतात. रात्री अकरा ते सकाळी सात एवढंच चित्रण. शिवाय रविवारी गाडी सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत नेऊन आणायची. सासऱ्यांना तेवढाच धरणाचा वारा मिळतो आणि बॅटरीला भरपूर वेळ 14 व्होल्टच्या आसपास चार्ज मिळतो. हा नेम लावल्यापासून सकाळचा आकडा 12.4 च्या खाली क्वचितच जातो.

दिवसा बंद ठेवण्याचं आणखी एक कारण ऊन. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात काचा लावून उभ्या असलेल्या गाडीत, विशेषतः काचेला चिकटलेल्या वस्तूला, साठ अंशांच्याही वर तापमान सोसावं लागतं. कॅमेऱ्यातली लिथियम बॅटरी अशा उन्हात फुगू शकते. मी मुद्दाम सुपरकपॅसिटरवाला घेतला. त्याला उष्णता बरीच जास्त चालते. मेमरी कार्डही मोबाइलमधलं जुनं टाकून चालत नाही. इथे कार्ड सतत लिहिलं जातं, भरलं की जुनं पुसून पुन्हा लिहिलं जातं. त्यासाठी हाय-एन्ड्युरन्स म्हणून वेगळी कार्डं मिळतात, तीच घ्यावीत, आणि अधूनमधून कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावीत. कार्ड बिघडलं तर कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहतो आणि आत काहीच उतरलेलं नसतं, असं वायरमनदादांनी त्यांच्या एका गिऱ्हाइकाचं सांगितलं. म्हणून मी दर रविवारी एखादी फाइल उघडून बघते.

आपल्याकडे गाडीला कव्हर घालायची सवय आहे, आमचीही होती. कॅमेरा आणि कव्हर एकत्र नांदत नाहीत. कव्हर घातलं की रात्रभराचं चित्रण म्हणजे कापडाची आतली बाजू. आम्ही कव्हर सोडलं. रंगावर धूळ जास्त बसते, गाडी पुसणाऱ्या मुलाला महिन्याचे थोडे जास्त देतो.

एक गोष्ट विजेशी संबंधित नव्हती. सम तारखेला गाडीचं तोंड तळमजल्यावरच्या काकूंच्या ओट्याकडे येतं. एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. “अगं, तुझा तो कॅमेरा रात्रभर आमच्या दाराकडे बघत असतो का?” त्यांचं विचारणं रास्त होतं. त्या उन्हाळ्यात ओट्यावर बसतात, त्यांच्याकडे माणसं येतात-जातात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला सूट आहे, हे मला माहीत होतं. पण काकूंना कायदा ऐकवायचा नव्हता. मी मोबाइलवर त्यांना त्या रात्रीचं चित्रण दाखवलं. ओट्याची कड दिसत होती. कॅमेरा थोडा खाली आणि रस्त्याच्या बाजूला वळवला, माइक कायमचा बंद केला, आणि चित्रण आठवड्याच्या आत आपोआप पुसलं जातं हेही सांगितलं. कॅमेरा खाली वळवल्याचा फायदा आम्हालाही झाला. आभाळ आणि दिवे कमी आले, रस्ता जास्त आला, नंबरप्लेटच्या उंचीवरचं स्पष्ट दिसायला लागलं. ज्यांच्या दारासमोर गाडी उभी राहते त्यांना बसवण्याआधीच सांगावं, असं माझं आता ठाम मत आहे.

मग पावसाळ्यात ते घडलं. सकाळी उजवा आरसा लोंबकळत होता आणि पुढच्या दारावर पांढरट घासा होता. रात्री अकराला गाडी लावली तेव्हा आरसा धड होता. राखून ठेवलेली फाइल शोधली तर नव्हती. आरसा दुमडतो, धक्का त्यातच जिरतो, त्यामुळे कॅमेऱ्याला तो जाणवलाच नव्हता. संवेदनशीलता वाढवली तर शेजारून बुलेट गेली तरी फाइल बनते, म्हणून ती मध्यम ठेवलेली. टाइम-लॅप्स मात्र पूर्ण होता. सोळा मिनिटांचं चित्रण पुढे-मागे करत पाहिलं. पहाटे साडेपाचनंतर मागच्या कॅमेऱ्यात एक टेंपो येताना दिसतो. हेडलाइटच्या झोतात त्याची पुढची प्लेट पूर्ण पांढरी. पुढच्या चित्रात तो अगदी चिकटून, त्याच्या पुढच्या चित्रात आमची काच किंचित हललेली. कॅमेरा पुढे आणि मागे बघतो. बाजूला काय झालं ते त्याला दिसत नाही, आरसा तुटतानाचा क्षण कुठेच नाही. पण टेंपो आमच्या पुढे जाऊन थांबला. चालकाने बहुधा आवाज ऐकला असावा. ब्रेकचे दिवे लागले, तो दोन-तीन सेकंद उभा राहिला, आणि गल्लीतल्या खांबावरच्या दिव्यात त्या स्थिर चित्रांत मागची प्लेट वाचता आली. चालत्या गाडीची प्लेट रात्री कुठलाही कॅमेरा सहज वाचत नाही. थांबलेल्या गाडीची वाचतो.

मी आधी कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी दुसरं कार्ड घातलं. वकील मैत्रिणीने हे आवर्जून सांगितलं होतं. 1 जुलै 2024 पासून पुराव्याच्या जुन्या कायद्यातल्या कलम 65-ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलं. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्याबरोबर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा एक आकडा, लिहावं लागतं. फाइल कापली, व्हॉट्सॲपवरून पाठवली की ती बदलते, हॅश जुळत नाही. म्हणून मूळ कार्ड तसंच ठेवायचं, पेनड्राइव्हवर जशीच्या तशी प्रत काढायची. कॅमेऱ्यातलं घड्याळ जीपीएसवर भारतीय वेळेला (+5:30) लावलेलं होतं, त्यामुळे चित्रावरची वेळ बरोबर होती. हे घड्याळ बरेच जण लावतच नाहीत, आणि मग चित्रणावर भलत्याच देशाची वेळ येते.

पोलीस चौकीत हवालदारांनी चित्रण दोनदा पाहिलं, अर्ज घेतला. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवू म्हणाले. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, त्यामुळे आपल्या पातळीवर मालक शोधणं अवघड. पण टेंपोच्या मागच्या फाळक्यावर, आपल्याकडे असतो तसा, ट्रान्सपोर्टचं नाव आणि मोबाइल नंबर रंगवलेला होता. तोही त्याच थांबलेल्या चित्रांत होता. हवालदारच म्हणाले, “आधी एक फोन करून बघा ताई. बऱ्याचदा मालकाला माहीतच नसतं.”

तसंच निघालं. मालक दुपारी स्वतः आले. गाडीशेजारी उभं राहून मी त्यांना मोबाइलवर ती चित्रं दाखवली, आमचा आरसा दाखवला. आवाज चढला नाही, कारण वाद घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चालक नवा मुलगा आहे, घाबरून बोलला नसेल, असं ते म्हणाले. नवा आरसा आणि दाराचं पेंटिंग याचा खर्च त्यांनी दिला. मी चौकीत जाऊन मिटल्याचं लिहून दिलं. त्या मुलाची नोकरी टिकली का, हे मी नंतर मालकांना फोन करून विचारलं; टिकली होती.

विम्याकडे गेलो नाही याचंही कारण हिशेबाचंच. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये 1,000 रुपये आपल्याला सोसावे लागतात. त्याहून मोठं नुकसान नो क्लेम बोनसचं, म्हणजे हप्त्यातल्या सवलतीचं. सलग क्लेम न केलेल्या वर्षांना तो 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्क्यांपर्यंत चढतो, आणि एका क्लेमने शून्यावर येतो. आमचा 35 वर होता. पाच हजारांच्या आतल्या कामासाठी तो घालवणं परवडलं नसतं. म्हणजे टेंपोचा नंबर मिळाला नसता तर तो खर्च आम्ही मुकाट्याने खिशातून केला असता, जसा आधीच्या प्रत्येक पोच्याचा केला.

दोन्ही बाजू अजून आंधळ्याच आहेत आणि पुढच्या-मागच्या कॅमेऱ्याने ते सुटणार नाही. बॅटरीला आता चार वर्षं होत आली. बदलताना 35 च्या ऐवजी मोठी बसेल का, हे मी वायरमनदादांना विचारलं आहे. ट्रेचं माप आणि खांबांची बाजू बघून ते सांगणार आहेत. नाही बसली तर कॅमेऱ्यापुरता वेगळा लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक सीटखाली ठेवायचा. गाडी चालू असताना तो भरतो आणि रात्री मुख्य बॅटरीला हात लावत नाही. किंमत कॅमेऱ्याइतकीच आहे, त्यामुळे आधी ट्रेचं माप.